केळीभावाच्या वेबसाईटवर जाहिराती: पैसे कुठे अडतात?

केळीबाग_यावल (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

यावल तालुक्यातून लिहितोय. घरची केळी आहे, अन् काही वर्षांपासून केळीवर मराठीत एक वेबसाईट चालवतो. रोजचा भाव (नवती म्हणजे नव्या लागवडीची केळी, पिलबाग म्हणजे पिलांवर घेतलेली, वापसी म्हणजे मागे काढलेला हलका माल, सोबत बऱ्हाणपूरचा), करपा आला किंवा सीएमव्ही (व्हायरसचा रोग) दिसला तर काय करायचं, फळपीक विमा, कांदेबाग लागवडीची (पावसाळ्याच्या शेवटी होते ती) माहिती, असं सगळं एकट्यानेच बघतो. वाचणारे रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगरचे. थोडे बऱ्हाणपूरकडचेही.

अ‍ॅडसेन्स लावलेलं आहे, म्हणजे गूगल माझ्या पानांवर जाहिराती दाखवतं अन् त्याचे पैसे देतं. महिन्याला तीसेक हजार वेळा पानं उघडली जातात आणि खात्यात दिसतात हजार-बाराशे रुपये. १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, म्हणजे सात-आठ महिन्यांतून एकदा बँकेत काहीतरी येतं. डोमेन आणि होस्टिंगचे वजा केले की घरात सांगण्यासारखं काही राहत नाही. बायको म्हणते, एवढ्या वेळात दोन म्हशी सांभाळल्या असत्या.

विचारायचं एवढंच: मराठी साईटला इतकंच मिळतं का, की माझंच काही चुकतंय? आणि दुसरं, एका केळी व्यापाऱ्याचा फोन आला होता. भावाच्या पानावर सगळ्यात वर माझं बॅनर लाव, महिन्याचे ठरवून पैसे देतो म्हणे. अ‍ॅडसेन्सच्या कितीतरी पट रक्कम आहे. घेऊ का?

भुसावळ_यार्ड

काय भो, सोपं आहे. तुझ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाक की रोज एकेक जाहिरातीवर बोट लावा रे. तीन-चारशे शेतकरी असतील ना ग्रुपवर? महिन्यात फरक दिसेल.

तापीकाठची

भुसावळदादा, हे अजिबात सांगू नका कोणाला. स्वतः क्लिक करणं, घरच्यांना सांगणं, वाचकांना ‘जाहिरातीवर क्लिक करून मदत करा’ म्हणणं, सगळं नियमाबाहेर आहे. असे क्लिक ओळखून पैसे कापले जातात आणि खातं बंद होऊ शकतं. एका माणसाला एकच खातं मिळतं, त्यामुळे बंद पडलं की मग वहिनीच्या नावावर, मुलाच्या नावावर अशी शोधाशोध सुरू होते. माझ्या ओळखीतला एक मुलगा नोकरभरतीची साईट चालवायचा. जमलेली सगळी रक्कम गेली, आणि मग आठवडाभर अपिलाचे फॉर्म भरत बसला.

शिवाय आता क्लिकवर पैसे राहिलेच कुठे? २०२४ च्या सुरुवातीपासून अ‍ॅडसेन्स जाहिरात दिसण्यावर पैसे देतं, क्लिकवर नाही. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ बघून लोक अजून क्लिकचा हिशेब लावतात.

भुसावळ_यार्ड

बरं बरं, मागे घेतलं. मला वाटलं गावठी उपाय सांगावा.

हिंजवडीतला_जळगावकर

जाहिरातीच्याच धंद्यात नोकरी करतो, म्हणून जरा लांब लिहितो. घाई असेल त्यांनी पुढच्या प्रतिसादावर जावं.

पान उघडलं की मागे लिलाव होतो. पान कशाबद्दल आहे, उघडणारा कुठल्या भागातला, मोबाईल की संगणक, त्याने आधी काय-काय शोधलं, यावर जाहिरातदारांचे यंत्रांनी लावलेले भाव येतात आणि ज्याचा जास्त त्याची जाहिरात दिसते. पान पूर्ण उघडेपर्यंत हे सगळं उरकलेलं असतं. जाहिरातदाराने मोजलेल्या पैशातून मधल्या यंत्रणांचा वाटा जातो. गूगलच्या सांगण्याप्रमाणे त्यांच्या स्वतःच्या जाहिरात-यंत्रणेतून आलेल्या पैशात साईटवाल्याला एकूण ६८ टक्क्यांच्या आसपास मिळतात. म्हणजे तुम्हाला वाटतं तसं मधे कोणी सगळं खात नाहीये. लिलावातच बोली कमी लागतेय.

का कमी लागते, ते तुमच्या भावाच्या पानावरून बघा. शेतकरी सकाळी बागेतून मोबाईल काढतो, नवतीचा आकडा बघतो, मोबाईल खिशात. दहा-पंधरा सेकंद. तेवढ्यात खालची जाहिरात दिसायलाही येत नाही. आणि या माणसाला ऑनलाईन विकण्यासारखं काय आहे, हे मुंबईतल्या जाहिरातदाराला माहीतच नाही. त्याच्या लेखी तो ‘ग्रामीण महाराष्ट्र, अँड्रॉइड, मराठी’. हाच माणूस वर्षाला केळीच्या रोपांवर, खतांवर, ठिबकवर किती पैसा ओततो, हे त्याच्या यंत्राला दिसत नाही.

आता तुमचंच विम्याचं पान घ्या. तिथे माणूस थांबतो, वाचतो, परत येतो. विमा, कर्ज, ट्रॅक्टर यांवर बोली लावणारे पुष्कळ आहेत. म्हणून तीस हजारांचा एकच आकडा धरू नका. अ‍ॅडसेन्सच्या अहवालात पानावार आरपीएम काढता येतो, म्हणजे हजार वेळा पान उघडल्यावर किती रुपये सुटले ते. तुमचा सरासरी चाळीस रुपयांच्या आसपास बसतोय. माझा अंदाज, भावाचं पान त्याच्या बरंच खाली असेल आणि विम्याचं वर.

अजून एक, तुमची साईट आत्ता माझ्या साध्या मोबाईलवर उघडून बघितली. ऑटो अ‍ॅड्स (गूगल स्वतःच जागा निवडून टाकतं त्या जाहिराती) चालू ठेवलेत ना? भावाच्या तक्त्यात ‘नवती’ दिसतं, मग एक जाहिरात, मग ‘पिलबाग’, आणि ‘वापसी’चा आकडा खाली चिकटलेल्या पट्टीमागे गेलाय. पट्टीची फुली इतकी बारीक, की बोट जाहिरातीवरच पडतं. असल्या क्लिकचा ना तुम्हाला उपयोग ना जाहिरातदाराला. ती पट्टी बंद करा. तक्ता आधी पूर्ण दिसू द्या, त्याच्याखाली एकच जाहिरात ठेवा, आणि तिच्याखाली ‘आज भाव का हलला’ यावर चार-पाच ओळी रोज स्वतः लिहा. त्या ओळींसाठी माणूस थांबेल. सगळ्या साईटवर नुसता आकडा असतो, तो का हलला ते कोणीच सांगत नाही.

आणि सेटिंगमध्ये जाऊन संवेदनशील प्रकार तपासा. ज्योतिष, झटपट श्रीमंती, असले प्रकार बंद करता येतात. दोन रुपये कमी मिळतील, पण विम्याची माहिती वाचणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला खाली वशीकरणवाला दिसणार नाही.

अमळनेरी

चांगलं लिहिलंय. पण सगळा खटाटोप करून बाराशेचे अठराशे होतील, फार तर दोन हजार. मराठीत जाहिरातीवर साईट चालत नाही, हे एकदा मान्य करा. अ‍ॅडसेन्स हिंदीत २०१४ ला आलं, मराठीत त्यानंतर काही वर्षांनी. तोपर्यंत वाचक फेसबुक अन् व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊन बसला होता. आता तर लोक गूगललाही विचारत नाहीत, थेट एआयला विचारतात. त्याचं उत्तर मिळालं की साईट उघडायची गरज काय?

(आमच्या अमळनेरात १९४५ ला वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून विप्रो सुरू झाली, कॉम्प्युटर नंतर आले. तेव्हा आधी तूप विका, मग वेबसाईटचं बघू.)

हिंजवडीतला_जळगावकर

तुपाचं आवडलं. 😄 पण एआयच्या मुद्द्यावर अर्धं सहमत. ‘करपा म्हणजे काय’ हे पान मरणार, तिथे वाद नाही. ‘आज सावद्याला नवती काय गेली’ हे मात्र कोणीतरी सकाळी फोन फिरवून विचारल्याशिवाय कुठल्याच यंत्राला कळत नाही. धागाकर्त्याची कमाई असेल तर त्या फोनमध्ये आहे.

नंदुरबारची_मिरची

भाऊ, एक इचारू का? अहिराणीमा लिखं त जाहिरात भेटी का?

तापीकाठची

ताई, अ‍ॅडसेन्सच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, अहिराणी नाही. मुख्य मजकूरच यादीबाहेरच्या भाषेत असेल तर तिथे जाहिरात लावता येत नाही. अहिराणीवाल्यांनी यूट्यूब धरलंय ते उगाच नाही. गाणी, विनोदी व्हिडिओ बघा ना, आपल्या लग्नांत डीजेवर तेच वाजतंय. लिहायचंच असेल तर मराठी साईटवर अहिराणीचं एखादं सदर चालवा, पण सगळा डोलारा त्यावर नको.

नंदुरबारची_मिरची

बरं. व्हिडिओ बनाडाले भ्याव वाटस माले. देखसु.

रोपवाला_सावदा

मी जाहिरात देणारा माणूस आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो. टिश्यूकल्चर रोपांची नर्सरी आहे. धागाकर्त्यांची साईट मी रोज बघतो, माझी पोरंही बघतात.

अमळनेरी भाऊ म्हणतात तसं मी फेसबुकवर पैसे घालतो. फोन भरपूर येतात, त्यात निम्मे नुसते रेट विचारणारे. कोणी लातूरहून, कोणी थेट बिहारमधून. तेवढ्या लांब रोपं पाठवणं मला परवडत नाही. तालुका निवडता येतो म्हणतात, पण आमचा पोरगा काय दाबतो देव जाणे.

माझ्याकडे बुकिंगचं रजिस्टर आहे. नाव, गाव, रोपं किती, कधी पाहिजेत, ॲडव्हान्स किती, आणि शेवटच्या रकान्यात ‘नंबर कुठून मिळाला’. तो रकाना मी स्वतः भरतो, फोन घेणाऱ्या पोरावर सोडत नाही. त्यात ‘पाहुण्याने सांगितलं’ सगळ्यात जास्त. मग कृषी सेवा केंद्र. फेसबुकचं बुकिंग निघतं थोडं, बडबड फार. आता तुमच्या साईटवर जाहिरात दिली आणि त्या रकान्यात ‘यावलची साईट’ असं दहा-बारा वेळा आलं, तरी मी पुढच्या हंगामाला परत देईन. मला हजार लोकांनी बघितलं का लाखाने, त्याच्याशी घेणं नाही.

पण बाराही महिने देणार नाही. मृगबागेसाठी (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) रोपं आधी बुक होतात, उन्हाळ्यातच. तेव्हा दोन-तीन महिने, मग कांदेबागेच्या आधी. मधल्या काळात रोपंच नसतात, जाहिरात कशाची करू? ठिबकवाल्याचा हंगाम वेगळा, खतवाल्याचा वेगळा. केळी भरणाऱ्या गाड्यांवाल्याचा तिसराच. ते बसवता आलं तर वर्ष भरून निघेल.

आणि एक बोलतो, रागावू नका. त्या व्यापाऱ्याचं बॅनर भावाच्या डोक्यावर लावलंत तर मी साईट बघणं बंद करीन. माझ्यासारखे बरेच.

भुसावळ_यार्ड

का हो? तो पैसे देतोय, भाव तर तुम्हीच लावताय ना?

रोपवाला_सावदा

लावताय खरं. पण ज्या दिवशी बऱ्हाणपूरपेक्षा इकडे भाव कमी दिसेल, त्या दिवशी लोक वर बॅनर बघतील आणि खाली आकडा. मग पारावर काय बोलणं होईल ते मी सांगायला नको. शेतकऱ्याने घड काढायला माणसं सांगितलेली असतात, तेव्हा पन्नास रुपयांच्या फरकावर भांडणं होतात.

हिंजवडीतला_जळगावकर

या मुद्द्यावर रोपवाले दादा बरोबर आहेत. ज्याच्या भावाची बातमी देता, त्याचीच जाहिरात त्या बातमीच्या पानावर नको. ठिबक, रोपं, ताडपत्री, पंप दुरुस्ती, माती परीक्षण, काहीही घ्या. खत-औषधाच्या जाहिरातीत ‘हमखास’, ‘शंभर टक्के’ असले शब्द असतील तर काढायला लावा. खोट्या दाव्याची तक्रार झाली तर ग्राहक संरक्षण कायद्यात जाहिरातदाराबरोबर छापणाराही अडकू शकतो.

अजून एका प्रकारापासून सावध. लहान साईटवाल्यांना मेल येतात, ‘आमचा लेख लावा, एवढे देतो’. लेख बहुतेक सट्टा किंवा पैसे लावून खेळायच्या गेमचा असतो, मधे एक लिंक. २०२५ च्या ऑनलाईन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाईन खेळ आणि त्यांच्या जाहिराती, दोन्हींवर बंदी आली आहे. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. चार-पाच हजारांसाठी कोणी त्यात पडू नये. आणि साधी सरळ पैसे घेऊन दिलेली लिंक असली, तरी तिला ‘स्पॉन्सर्ड’ची खूण लावा, नाहीतर गूगलच्या शोधात साईट खाली जाऊ शकते.

केळीबाग_यावल (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. पट्टी रात्रीच बंद केली. पानावार आरपीएम काढून बघितला, जळगावकर दादांचा अंदाज खरा निघाला. भावाच्या पानाचा सरासरीच्या निम्म्याच्याही खाली, आणि विम्याची दोन पानं सगळ्यात वर. गंमत म्हणजे मी त्या पानांना वर्षभर हातही लावला नव्हता. आता या हंगामाचं सगळं नव्याने लिहितोय.

व्यापाऱ्याला ‘नको’ म्हणून कळवलं. तो म्हणाला, मग दुसरी साईट काढतो. काढू दे.

रोपवाले दादा, तुम्हाला विचारतो. दर कसा ठरवू? मला वर्तमानपत्राच्या सेंटिमीटरचा हिशेब माहीत आहे, इथला नाही.

रोपवाला_सावदा

सेंटिमीटर-बिंटिमीटर राहू द्या. मला माझ्या एका बुकिंगमध्ये काय सुटतं ते माहीत आहे. दोन हजार रोपांची दोन बुकिंग तुमच्याकडून जास्तीची आली, तर महिन्याला दोन हजार द्यायला मी कुरकुरणार नाही. पहिला महिना अर्ध्यावर करा. त्या पानावर माझा वेगळा मोबाईल नंबर टाका, तो दुसरीकडे कुठेच देणार नाही. महिन्याच्या शेवटी तुम्ही या, चहा घेऊ, अन् त्या फोनवर किती कॉल आले ते दोघं मिळून मोजू.

अमळनेरी

हे ऐकून बरं वाटलं, पण एका नर्सरीने घर चालत नाही. वसुली कोण करणार? ठिबकवाले, खतवाले ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणतात. माझ्या भावाने तालुक्याचं साप्ताहिक चालवलं, त्याची अर्धी उधारी अजून गावात आहे.

तापीकाठची

म्हणून आगाऊ घ्यायचे. पैसे आले की बॅनर चढवायचं, मुदत संपली की उतरवायचं. ओळखीच्याचंही. साप्ताहिकाचा कागद आणि छपाई आधी होते, इथे तसं काही अडलेलं नाही.

आणि अ‍ॅडसेन्स काढून टाकू नका. हंगाम नसेल तेव्हा रिकाम्या जागेत तेच चालू द्या. दिवाळीच्या आधी जाहिरातदार जास्त बोली लावतात, जानेवारीत एकदम उतरतं. जानेवारीचा आकडा बघून घाबरून साईट बंद करणारे खूप बघितलेत.

वहीखातं_धुळे

उशिरा आलो. टॅक्सच्या दोन-तीन गोष्टी सांगतो.

पहिलं म्हणजे, साईट केळीवर आहे म्हणून तिचं उत्पन्न शेतीचं होत नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं, त्यामुळे लोक हे त्यातच मिसळून टाकतात. अ‍ॅडसेन्स असो की नर्सरीची जाहिरात, ते व्यवसायाचं उत्पन्न. डोमेन, होस्टिंग, इंटरनेट, भाव विचारायला केलेल्या फोनचा खर्च त्यातून वजा करता येतो. पावत्या ठेवा.

अ‍ॅडसेन्सचे पैसे परदेशातून येतात. बँक पर्पज कोड (पैसे कशाचे आहेत ते सांगणारा) विचारते, स्विफ्ट कोड (परदेशी व्यवहारासाठी बँकेची ओळख) लागतो. लहान शाखेला नसतो, तेव्हा कुठल्या शाखेचा द्यायचा ते बँकेतच आधी विचारून घ्या. जीएसटीची नोंदणी सेवेसाठी वर्षाला एकूण २० लाखांच्या पुढे लागते. तुमच्या आकड्यांवरून सध्या तो प्रश्न नाही, आला तर पेढे घेऊन या.

नर्सरीला साधं बिल द्या: तारीख, जाहिरात कुठल्या पानावर, कधीपासून कधीपर्यंत, रक्कम. पैसे यूपीआयने किंवा खात्यात घ्या.

नवा_चोपडा

नमस्कार, मी पण अ‍ॅडसेन्ससाठी अर्ज केला होता. ‘कमी मूल्याचा मजकूर’ म्हणून नाकारला. कापसाच्या भावाची साईट आहे. काय करू?

तापीकाठची

किती पानं स्वतः लिहिलीत आणि किती दुसरीकडून उचललीत?

नवा_चोपडा

भाव व्हॉट्सअ‍ॅपवरून घेतो. बातम्या पेपरच्या वेबसाईटवरून, थोडे शब्द बदलून.

तापीकाठची

मग कारण तुम्हीच सांगितलंत. उचललेल्या बातम्या काढून टाका. तुमच्या भागातल्या दोन-तीन जिनिंगवर जा, ओलावा किती धरतात, काट्यावर कटती (वजनातली कपात) किती जाते, मालाचे पैसे किती दिवसांनी मिळतात, यावर स्वतः लिहा. संपर्काचं आणि गोपनीयता धोरणाचं पान ठेवा. मग पुन्हा अर्ज करा. मंजुरी मिळून १० डॉलर जमले की पत्ता पडताळणीचा पिन पोस्टाने येतो, साध्या टपालाने. पत्त्यात गाव, पोस्ट, तालुका आणि पिनकोड नीट लिहा, आणि पोस्टमन काकांना आधीच सांगून ठेवा की इंग्रजी पाकीट येणार आहे.

भुसावळ_यार्ड

अन् ग्रुपवर क्लिक करा म्हणून टाकू नको रे बाबा. मी वर बोलून बसलोय.

केळीबाग_यावल (धागाकर्ता)

नर्सरीचं बॅनर आज चढवलं. भावाच्या पानावर नाही, लागवडीच्या पानावर, ‘जाहिरात’ असं वर लिहून. दादा, नंबरचा शेवटचा आकडा एकदा तपासून सांगा, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवलाय.

रोपवाला_सावदा

आकडा बरोबर आहे. पण रोपाचा फोटो आमचा नाही, तो पपईचा आहे. बदला लवकर.